एकशेवीस जणांच्या हातात पत्ते देताना

पत्र: मी साताऱ्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हौस म्हणून जादूचे प्रयोग करते. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग एवढ्यापुरतेच. आमच्या सोसायटीचा दर वर्षी दिवाळी मेळावा असतो. शंभर-सव्वाशे माणसं, सहा वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत. मागच्या वर्षी एका काकांना स्टेजवर बोलावलं आणि त्यांनी काढलेलं पान ओळखलं. पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या, मागचे सगळे मोबाइलमध्ये. यंदा सगळ्यांना सामील करून घेईल असा पत्त्यांचा प्रयोग हवा आहे. डोळ्यांसमोर तीन आहेत. एकवीस पत्त्यांचा, प्रत्येकाने चार पत्ते फाडून शेवटी दोन अर्धे जुळवायचा, आणि मोबाइल अॅपसकट ऑनलाइन मिळणारा एक महागडा संच. कोणता निवडू? शिवाय प्रयोग झाला की लोक 'कसं केलं' म्हणून मागे लागतात, तेव्हा सांगावं का?

उत्तर:

ताई, नमस्कार. फाडायचा प्रयोग घ्या. बाकीच्या दोघांचं आधी उरकतो.

एकवीस पत्त्यांचा प्रयोग मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे पत्ते कुटलेल्या निम्म्या महाराष्ट्राला येतो. सात-सातच्या तीन रांगा, तीनदा रांग विचारायची, सांगितलेली रांग दर वेळी मधे घालायची, शेवटी अकरावं पान. बदाम सात आणि झब्बू यांच्या मधल्या वेळात कुठला तरी मोठा मावसभाऊ तो करून दाखवतोच. तुमच्या हॉलमध्ये 'अकरावं!' असं ओरडणारा एक तरी निघेल. तो निघाला नाही तरी यात त्रेसष्ट पानं तुम्ही मांडणार आणि समोरचा तीनदा 'ही रांग' म्हणणार. याला सहभाग म्हणत नाहीत, याला वाट बघणं म्हणतात.

अॅपवाल्या संचाबद्दल माझा राग किमतीवर नाही. मागच्या वर्षी तुमचा प्रयोग ज्या वस्तूने खाल्ला तीच वस्तू तुम्ही यंदा स्वतःहून लोकांच्या हातात देणार. त्यात हॉलमध्ये रेंज नसते, कुणाची बॅटरी संपत आलेली असते, आजोबांचा फोन बटणांचा असतो. शिवाय 'इंटरॅक्टिव्ह' असं लिहिलेल्या पुष्कळ वस्तूंचा मूळ गाभा तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिलेला असतो: सहा चित्रं दाखवतात, एक मनात धरा म्हणतात, मग पाचच दाखवतात आणि तुमचं गायब! गायब व्हायचंच, कारण दुसऱ्या चित्रातली पाचही पानं वेगळी असतात. माणूस फक्त आपलंच पान शोधतो म्हणून ते खपतं. एकाने वर सरकवून पाहिलं की संपलं.

आता निवडायचं कसं ते. एक माणूस स्टेजवर असतो तेव्हा त्याचे हात तुमच्या नजरेत असतात. तो चुकला तर तुम्ही हसत हसत पानं परत घेता, एखादा विनोद करता, पुन्हा पिसता. एकशेवीस जणांचे हात तुम्हाला दिसत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकांच्या हातात पत्ते द्यायचे असतील तर प्रयोग किती थक्क करणारा आहे हे मी नंतर बघतो. आधी कागदावर त्यातली प्रत्येक सूचना लिहून काढतो आणि तिच्यापुढे एक खूण करतो: इथे माणूस चुकला तर चालतं, की प्रयोग मोडतो? ज्या प्रयोगात मोडणाऱ्या जागा कमी, आणि चालणाऱ्या जागाच प्रेक्षकाला सगळ्यात मोकळ्या वाटतात, तो घ्यायचा.

फाडायचा प्रयोग या कसोटीला का उतरतो ते सांगतो, आणि तो कुठे आपटतो तेही. स्पेनचा जादूगार वुडी अरागॉन याचा 'लव्ह रिच्युअल' नावाचा प्रयोग या जातीचा आहे. जगभर गाजला तो मात्र 9 फेब्रुवारी 2024 च्या रात्री. चिनी नववर्षाच्या पूर्वसंध्येला तिथल्या सरकारी वाहिनीवर मोठा सोहळा असतो. त्यात तैवानचा जादूगार लिऊ चियान याने सभागृहातल्या लोकांकडून आणि घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांकडूनही चार-चार पत्ते फाडून घेतले. लोकांचे तुकडे जुळले. जुळले नाहीत ते तिथेच उभ्या असलेल्या एका सूत्रसंचालकाचे, तेही थेट प्रक्षेपणात. पुढे कित्येक दिवस जादूपेक्षा त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्याचीच चर्चा जास्त झाली. त्यानंतर या प्रयोगाचं गणित इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी उलगडलं की ते इथे मांडताना मला चोरी केल्यासारखं वाटत नाही. ज्यांना फक्त मजा बघायची आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत.

चार पत्ते, कोणतेही, पिसून उपडे हातात. चारही एकदम मधोमध फाडायचे आणि एका हातातले चार तुकडे दुसऱ्या हातातल्या चारांवर ठेवायचे. झाले आठ तुकडे. क्रम असा झाला: बदाम राणी, किलवर सत्ती, चौकट दश्शी, इस्पिक गुलाम आणि पुन्हा तेच चार, त्याच क्रमाने. प्रत्येक तुकड्याचा जोडीदार बरोबर चार जागा पुढे.

आता प्रत्येकाने मनात स्वतःचं नाव घ्यायचं आणि दर अक्षराला वरचा एक तुकडा तळाशी सरकवायचा. हे सगळं गोल फिरणारं आहे. तीन अक्षरं असोत की सात, जोडीदार चार जागांवरच राहतो. त्यामुळे 'ज्ञानेश्वर'ची अक्षरं चार की पाच, यावरून हॉलमध्ये वाद झाला तरी होऊ द्या. तुम्ही शिक्षिका आहात, जोडाक्षर समजावून सांगायचा मोह होईल. तो आवरा. हीच ती मोकळी जागा, जिथे प्रत्येकाला वाटतं की आपलं नाव दुसऱ्यासारखं नाही म्हणून आपला क्रमही वेगळा झाला.

पुढची सूचना मोडणारी. वरचे तीन तुकडे एकत्र उचलायचे आणि उरलेल्या पाचांच्या मधे कुठेही घालायचे. सगळ्यात वर नाही, सगळ्यात खाली नाही. हे नीट झालं की वरचा तुकडा आणि तळचा तुकडा एकमेकांचे जोडीदार होतात. का, ते घरी चार पानं फाडून बघा, लगेच दिसेल. वरचा तुकडा न बघता मांडीखाली ठेवायचा. यापुढे तुमचं काम एकच: हातातला तळचा तुकडा हरवू द्यायचा नाही.

म्हणून पुढचं सगळं नाटक वरच्या तुकड्यांशी. इथे फराळ आणा. लाडू आवडणाऱ्यांनी वरचा एक, चकलीवाल्यांनी दोन, करंजीवाल्यांनी तीन तुकडे उचलून मधे घालायचे. तळाखाली घातले नाहीत की तळ जागचा हलत नाही. मग चहावाल्यांनी वरचा एक तुकडा फेकायचा, कॉफीवाल्यांनी दोन, दोन्ही न पिणाऱ्यांनी तीन. मुळात ही पायरी साधारणपणे एक किंवा दोन अशी करतात, पण तीन फेकले तरी चालतं, आणि एखाद्याने गोंधळून काहीच फेकलं नाही तरीही चालतं. हातात चार, पाच, सहा, सात, कितीही तुकडे राहोत, शेवट एकच येतो. सगळ्या प्रयोगात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. लोक इथे मनापासून दाणादाण उडवतात आणि काही बिघडत नाही.

आता आकडा. लिऊ चियानने इथे सात अक्षरांचं एक चिनी वाक्य घेतलं होतं, 'चमत्कार पाहण्याचा क्षण' अशा अर्थाचं. दर अक्षराला एक तुकडा वरून खाली. मग 'नशीब ठेवा' म्हणत एक खाली, 'कटकट टाका' म्हणत एक बाहेर, असं एकच तुकडा उरेपर्यंत. मराठीत या शेवटच्या पायरीला आपल्याकडे आयती ओळ आहे आणि तीही दिवाळीची: इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. फक्त आपल्या ओळीत टाकणं आधी येतं, ठेवणं नंतर. म्हणून आधीची मोजणी सातऐवजी आठ करायची. (गणित तेच राहतं. त्यांचं पहिलं 'ठेवा' ते आपलं आठवं.) आठ कशावर मोजायचे? 'मंगलमूर्ती मोरया'ची अक्षरं आठ भरतात, पण 'मूर्ती'पाशी कुणीतरी अडखळणारच. त्यापेक्षा सा रे ग म प ध नी सां. एक सूर, एक तुकडा. सोसायटीत पेटी वाजवणारं कुणी असेल तर त्यांना बाजूला बसवा. सूर वाजला की तुकडा सरकला, बोटं मोजायची गरजच नाही. वरच्या 'सां'वर गळा आपोआप थांबतो, तसा हातही थांबतो.

गणिताची खात्री हवी असेल तर टेबलावर तुकडे मांडून हाताने करून बघा. समजा सहा तुकडे उरलेत, जोडीदार सहावा. आठ सरकवणं म्हणजे सहांत दोनच सरकवल्यासारखं, तेव्हा तो चौथा येतो. 'टळो' म्हणत पहिला बाहेर, 'येवो' म्हणत दुसरा खाली, असं करत गेलात तर सहांतला चौथाच शेवटी उरतो. पाचांत तो दुसरा येतो आणि दुसराच उरतो. चार आणि सात तुम्ही करून बघा. मोजणीची ही जात गणितात जोसेफसच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या शतकातला हा ज्यू इतिहासकार रोमन वेढ्यात इतरांबरोबर गुहेत अडकला होता. शरण जाण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारायचं ठरलं, आणि शेवटी उरलेल्यांत हा होता. मेळाव्यात ही कथा सांगू नका, एवढंच.

एक गोष्ट हमखास होते. कॉफीवाल्यांच्या हातात चहावाल्यांच्या आधी एकच तुकडा उरतो, आणि दोन्ही न पिणारे तर त्याहून आधी रिकामे होतात. त्यातला एखादा उत्साहाच्या भरात 'इडा पिडा टळो' म्हणत तोही फेकून देतो. म्हणून ही पायरी सुरू करण्यापूर्वीच ठणकावून सांगा: एक उरला की तो मुठीत, आणि बाकीच्यांची वाट बघा.

मोडणाऱ्या जागा मोजल्या तर चारच निघतात. फाडल्यावर एक गठ्ठा पलटी होणं, 'मधे घाला' (वरचे तीन असोत की फराळाचे), आठची मोजणी, आणि टाका-ठेवाची लय. या चार ठिकाणी तुम्ही संथ व्हायचं, बाकी सगळीकडे गप्पा मारायच्या. नवखे जादूगार नेमकं उलट करतात. नावाच्या पायरीवर पाच मिनिटं रमतात आणि 'तीन मधे' एका दमात सांगून टाकतात. त्या चार जागांसाठी पुठ्ठ्याचे मोठे पत्ते करा, मागच्या रांगेला दिसतील एवढे, आणि सूचना तोंडाने देतानाच हाताने करून दाखवा. वाक्यं छोटी ठेवा. 'तीन उचला.' थांबा. 'हात वर करून दाखवा.' बघा. 'आता मधे. वर नाही, तळाला नाही.' हात वर करायला लावलेत की चुकणारे तुम्हाला दिसतात आणि शेजारचा त्यांना सावरतो. लहान मुलांना एकेका मोठ्याशेजारी बसवा. मुलं बरोबर करतात, मोठेच चुकतात, पण दोघं एकमेकांना टोकतात हे महत्त्वाचं.

सामानाचं बघू. माणशी चार पानं म्हणजे एका बावन्न पानांच्या कॅटमधून तेरा माणसं, एकशेवीसांना दहा कॅट. कागदी घ्या, सगळ्यात स्वस्त. प्लास्टिकचे पत्ते फाटत नाहीत, ताणले जातात आणि एखाद्या काकू दातांनी प्रयत्न करतात. कागदी चार पानंही एकदम फाडायला मनगट लागतं, म्हणून आधी मधोमध घडी घालायला सांगा, नखाने दाबायला सांगा, मग फाडा. ज्येष्ठांच्या पत्त्यांना तुम्ही आधीच घडी घालून ठेवलीत तर उत्तम. पत्ते फाडणं काही घरांत अपशकुनी वाटेल किंवा निव्वळ नासाडी वाटेल. अशांसाठी जाड कागदावर पणती, आकाशकंदील, रांगोळी आणि किल्ला अशी चार चित्रं छापून घेता येतात. मला विचाराल तर खरे पत्तेच बरे. चार खरी पानं टराटरा फाडायची परवानगी मोठ्या माणसांना सहसा कुणी देत नाही, आणि हॉलमध्ये तो एकत्र आवाज झाला की मागच्या रांगेतले मोबाइल आपोआप खाली जातात. शिवाय फाटलेली कड दुसऱ्या कडेत बसते तेव्हा 'सारखंच दुसरं पान असेल' अशी शंका काढायला जागा राहत नाही.

वेळ फराळाच्या आधीची ठरवून घ्या. हातात बशी आली की दोन हात मोकळे राहत नाहीत. पूर्ण प्रयोगाला सात-आठ मिनिटं पुरतात. त्याहून लांबवलात तर नाव सरकवण्यापासून मांडीखालच्या तुकड्यापर्यंतची गोष्ट लोक विसरतात, आणि शेवटी 'मांडीखाली बघा' म्हटल्यावर निम्मे उठून उभे राहतात.

शेवट सगळ्यांचा एकदम. कुणालाही स्टेजवर बोलावून 'दाखवा बरं तुमचं' करू नका. त्या चिनी सोहळ्यात शेकडो माणसांचं जुळलं आणि लक्षात राहिला तो एकच, कारण तो कॅमेऱ्यासमोर उभा होता. तुम्ही तीन म्हणा, सगळ्यांनी दोन्ही तुकडे जोडून डोक्यावर धरायचे. तुमच्या हातातले मोठे पुठ्ठेही त्याच क्षणी जुळलेले दिसले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक पायरी तुम्हीही त्यांच्याबरोबर खरोखर करायची. ज्यांचं जुळलं नाही ते सहसा हात वर करत नाहीत. त्यांच्याकडे बोट दाखवू नका, 'कुणाचं चुकलं?' असं तर मुळीच विचारू नका. एखाद्याने आपणहून ओरडून सांगितलंच तर त्याला पहिला लाडू द्या आणि पुढे चला.

सराव कुणावर करायचा? तुमच्या वर्गातल्या हुशार मुलींवर नको, त्या नीट ऐकतात. टीव्ही बघत बसलेल्या, तुमच्याकडे अर्धवट लक्ष असलेल्या घरच्यांवर करा. सूचना त्यांना कळली तर हॉलला कळेल. जिथे ते 'काय म्हणालीस?' विचारतील ते वाक्य बदलायचं.

उद्या दहा-पंधरा जणांची बैठक असेल तर मात्र मी हा प्रयोग सुचवणार नाही. तिथे अमेरिकन पॉल करी याचा 1942 सालचा 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' शिका. समोरचा माणूस पानं न बघता, निव्वळ मनाला वाटेल तशी दोन बाजूंना टाकत जातो आणि शेवटी लाल एकीकडे, काळी एकीकडे निघतात. त्याचं रहस्य मी इथे फोडणार नाही, ते चीनच्या टीव्हीने अजून फोडलेलं नाही. त्यात एकाच माणसाच्या हातात पत्ते असतात, पण प्रत्येक निर्णय त्याचा असतो, आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघत त्याच्याइतकेच गुंततात. मोठ्या हॉलमध्ये तो पाचव्या रांगेत दिसत नाही, म्हणून तुमच्या मेळाव्याला नाही.

राहिला रहस्य सांगण्याचा प्रश्न. मेळाव्यात नाही. 'कसं केलं'ला 'तुम्हीच तर केलंत' हे उत्तर या प्रयोगात अक्षरशः खरं आहे, तेवढंच द्या. पुढच्या वर्षी त्याच लोकांसमोर हाच प्रयोग पुन्हा करू नका. ज्यांनी घरी जाऊन उरलेले पत्ते फाडून बघितलेत ते आठच्या मोजणीपाशी मुद्दाम नऊ मोजतील. वर्गात मात्र जरूर सांगा, तेही उत्तर म्हणून नाही, प्रश्न म्हणून. चार तुकड्यांनी चालतं, सातांनी चालतं, मग तीन उरले तर काय होतं? आठऐवजी सात मोजले तर कोणता तुकडा उरतो? चौथीच्या मुलांना हे हाताने करून शोधता येतं. फक्त वर्गात पत्ते नेण्याआधी मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा.